काकाकुवा विकत घेण्याचा खर्च

आमच्या संस्थेच्या सभासदांपैकीं कांहीं बागाईतदार मंडळींनीं अलीकडे एक पृच्छा केली आहे. पांढऱ्या रंगाचा, डोक्यावर तुरा असलेला, माणसाच्या बोलण्याची नक्कल करणारा काकाकुवा नांवाचा पक्षी घरीं ठेवावयाचा झाल्यास एकंदर किती खर्च येतो, अशी ती पृच्छा आहे. शेतकीच्या मासिकांत असल्या हौशीच्या पक्ष्याचें काय काम, असें कोणी म्हणेल. परंतु ज्या जीवाच्या खरेदीस एका चांगल्या बैलजोडीची किंमत मोजावी लागते, ज्याचें आयुष्य मालकाच्या आयुष्याशीं बरोबरी करतें, आणि ज्याची नोंद सरकारदप्तरीं करणें कायद्यानें भाग आहे, त्याचा हिशेब पैसे देण्यापूर्वीं मांडलेला बरा. प्रस्तुत लेखकाची सारी नोकरी खातीं, पावत्या व फेरफार लिहिण्यांत गेली. त्यामुळें पक्ष्याच्या रूपापेक्षां त्याच्या जमाखर्चाकडे आमची नजर आधीं जाते, हें वाचकांनीं समजून घ्यावें.

काकाकुवा हा आपल्या राघूचा दूरचा भाऊबंद होय. मलायी भाषेंतील ‘काकातुवा’ या शब्दावरून त्याचें नांव निघालें व मराठींत तें काकाकुवा असें रूढ झालें. या कुळांत सुमारें २१ जाती आहेत. त्यांचें मूळ स्थान म्हणजे ऑस्ट्रेलिया, न्यू गिनी, इंडोनेशियाचीं पूर्वेकडील बेटें, फिलिपाइन्स आणि सॉलोमन बेटें. भारतांतील कोणत्याहि रानांत हा पक्षी मूळचा नाहीं. अर्थात् आपल्याकडे विकावयास आलेला प्रत्येक काकाकुवा एक तर परदेशांतून आणलेला असतो, नाहीं तर तशा आणलेल्या जोडीपासून पिंजऱ्यांत जन्मलेला असतो. ही एक गोष्ट ध्यानांत ठेवली म्हणजे पुढील पुष्कळ भाग समजण्यास सोपा जातो.

विक्रीस दिसणाऱ्या मुख्य जाती चार-पांचच आहेत. गुलाबी छातीचा व राखी पंखांचा गाला. पिवळ्या तुऱ्याचा मोठा पांढरा काकाकुवा. मोलुका द्वीपसमूहाच्या उत्तर भागांतील, छत्रीसारखा तुरा उभारणारा पांढराशुभ्र. आणि त्याच समूहांतील सेराम बेटाचा, फिकट शेंदरी झांक असलेला. मोठ्या जातीच्या एका पक्ष्याचा भाव आपल्याकडे सामान्यतः लाखाच्या आसपास सुरू होतो, आणि जात, वय व माणसाळलेपणा यांप्रमाणें तो कित्येक लाखांपर्यंत चढतो. यास बाजार समितीचा दर नाहीं, उघड लिलाव नाहीं, आणि काल अमक्या भावानें गेला असें सांगणारी विश्वसनीय पट्टीहि नाहीं. विकणारा गिऱ्हाइकाकडे पाहून भाव बोलतो. ऊंसाचें बिल नुकतेंच हातीं पडलें आहे हें त्यास कळलें तर भाव चढतोच.

आतां हा भाव इतका कां, तें पाहूं. पक्षी दुर्मिळ असेल म्हणून महाग, असें आपण सहज धरून चालतों. ऑस्ट्रेलियांतील शेतकऱ्यास हें सांगितलें तर तो हंसेल. तेथील गव्हाच्या मुलखांत गाला व पिवळ्या तुऱ्याचा काकाकुवा यांचे थवेच्या थवे शेतांत उतरतात. पेरलेलें बीं उकरून खाणें, नुकते उगवलेले कोंब उपटणें, शेतांतच धान्य सांठविण्याच्या लांबलचक पिशव्या चोंचीनें फाडणें, बदामाच्या बागांतील कोंवळीं फळें कुरतडून खालीं टाकणें, हे त्यांचे नित्याचे उद्योग. गाला पक्ष्याचा विस्तार तर शेतीमुळेंच झाला. वसाहतवाल्यांनीं झाडी तोडून धान्य पेरलें, मेंढरांकरितां जागोजाग पाण्याची सोय केली. पक्ष्यास दाणा व पाणी दोन्ही आयतीं मिळालीं. व्हिक्टोरिया राज्यांत या दोन जाती व लांब चोंचीचा कोरेला हा तिसरा पांढरा काकाकुवा यांचा गंभीर उपद्रव होत असल्यास, ठराविक अटी पाळून ते मारण्याची मोकळीक जमीनधारकांस सरकारी आदेशानें दिलेली आहे. आपल्याकडे रानडुकरांविषयीं जें गाऱ्हाणें ऐकूं येतें तेंच तेथें काकाकुव्याविषयीं ऐकूं येतें. ज्याला उठविण्याकरितां तिकडे शेतकरी वायूच्या तोफेचे बार काढतो, त्याच जातीच्या पक्ष्यास इकडे आपण लाख रुपये मोजण्यास तयार होतों.

मग तिकडचे पकडून इकडे कां आणीत नाहींत? आणतां येत नाहींत म्हणून. ऑस्ट्रेलियाच्या १९९९ च्या पर्यावरण कायद्यानें तेथील मूळचे जिवंत पक्षी व्यापारासाठीं देशाबाहेर पाठविण्यास मनाई आहे, आणि ही मनाई त्या कायद्याच्याहि कित्येक दशकें आधींपासून चालत आलेली आहे. शेतांत गोळी घालतां येते, पण जहाजांत चढवितां येत नाहीं, असा हा प्रकार. तो आपणांस विचित्र वाटेल. परंतु व्यापाराचें दार एकदां उघडलें कीं विपुल जातींच्या नांवाखालीं दुर्मिळ जातीहि बाहेर पडतात, हा त्यामागील हेतु उघड आहे. यामुळें ऑस्ट्रेलियाबाहेर या जातींचा जो सांठा आहे तो मुख्यतः पूर्वीं बाहेर गेलेल्या पक्ष्यांची पिंजऱ्यांतील संतति होय. उरलेला चोरटा. अंडीं अंगाशीं घट्ट बांधलेल्या बंडीच्या कप्प्यांत दडवून विमानांतून नेतांना माणसें पकडलीं गेल्याचीं उदाहरणें आहेत.

इंडोनेशिया व फिलिपाइन्स येथील बेटांवर गोष्ट अगदीं उलट आहे. तेथें पक्षी खरोखरच संपत आला. सेराम बेटावरील काकाकुवा कोंवळे नारळ फोडतो, तनिंबार बेटांवरील लहान काकाकुवा मक्याच्या शेतांत शिरतो, म्हणून तेथील शेतकऱ्यांसहि तो नकोसा होता. त्यांतच परदेशीं मागणी आली आणि पकडणारास दुहेरी कारण मिळालें. हे पक्षी घरटें विणीत नाहींत. जुन्या, मोठ्या झाडाच्या ढोलींत अंडीं घालतात, आणि तींहि दोन-तीन. पिलूं काढण्यासाठीं ढोल फोडली किंवा झाडच पाडलें, तर त्या वर्षाचें पिलूं गेलें एवढेंच होत नाहीं. पुढील कित्येक वर्षांची वीण जाते. पोकळ होण्याइतकें जुनें झाड एका पिढींत तयार होत नाहीं, हें शेतकऱ्यास सांगावयास नको.

म्हणून वन्य प्राण्यांच्या व्यापारासंबंधीं जो आंतरराष्ट्रीय करार ‘साइटीस’ या नांवानें ओळखला जातो व ज्यांत भारत १९७६ सालीं सामील झाला, त्यांत १९८१ सालीं जवळजवळ सर्व पोपटवर्ग नियंत्रित यादींत, म्हणजे दुसऱ्या परिशिष्टांत, घालण्यांत आला. पुढें सेरामचा काकाकुवा १९८९ च्या बैठकींत, तनिंबारचा व फिलिपाइन्सचा १९९२ च्या बैठकींत, आणि लहान पिवळ्या तुऱ्याचा २००५ पासून, असे एकामागून एक पहिल्या परिशिष्टांत गेले. पहिलें परिशिष्ट म्हणजे रानांत पकडलेल्या पक्ष्याचा व्यापार बंदच. अमेरिकेनें १९९२ सालीं कायदा करून रानटी पोपटांची आयात जवळजवळ थांबविली. युरोपीय संघानें २००७ पासून रानांत पकडलेल्या पक्ष्यांची आयात कायमची बंद केली. लहान पिवळ्या तुऱ्याच्या जातीची तर अशी दशा झाली कीं, तिच्या स्वतःच्या बेटांवर ती नष्ट होण्याच्या पंथास लागली आहे, आणि हाँगकाँग शहराच्या बागांत मात्र पिंजऱ्यांतून सुटलेल्या पक्ष्यांची वस्ती सुखानें नांदत आहे.

तात्पर्य, आपण जो भाव देतों त्यांत पक्ष्याच्या मांसपिसांची किंमत फार थोडी. तो भाव मुख्यतः तो कायदेशीर मार्गानें आपल्यापर्यंत पोहोंचल्याचा आहे. आणि म्हणून जो कोणी निम्म्या भावांत देऊं म्हणतो, तो काय कमी करून देतो हें विचारलें पाहिजे. बहुधा तो कागद कमी करून देत असतो.

कागदांचा विषय थोडा विस्तारानें सांगणें अवश्य आहे. आपला देशी राघू, मग तो साधा असो वा मोठा करण, पाळणें १९७२ च्या वन्य जीव संरक्षण कायद्यानें मना आहे; कित्येक घरांतून तो अजून टांगलेला दिसतो ही गोष्ट निराळी. परदेशी पक्ष्यांस मात्र हा कायदा बरींच वर्षें लागू नव्हता. २०२० च्या जून महिन्यांत केंद्र सरकारनें सहा महिन्यांची मुदत देऊन, ज्यांच्याजवळ असे प्राणी असतील त्यांनीं स्वेच्छेनें कळवावें, कागद विचारले जाणार नाहींत, अशी योजना काढली. ती मुदत केव्हांच संपली. पुढें २०२२ सालीं मूळ कायद्यांत दुरुस्ती होऊन ती १ एप्रिल २०२३ पासून अंमलांत आली. तिनें साइटीसच्या यादींतील प्राणी कायद्याच्या चौथ्या अनुसूचींत घातले, आणि काकाकुव्याच्या वर सांगितलेल्या सर्व जाती त्यांत येतात. त्यानंतर फेब्रुवारी २०२४ मध्यें नोंदणीचे नियम निघाले. त्या वेळीं ज्यांच्याजवळ पक्षी होते त्यांस सहा महिन्यांची मुदत होती. त्यानंतर जो कोणी पक्षी घेईल त्यानें ३० दिवसांच्या आंत राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाकडे नोंदणीचा अर्ज करावयाचा असतो. हा अर्ज सरकारच्या ‘परिवेश’ नांवाच्या संकेतस्थळावरून जातो.

आमच्या जुन्या धंद्याच्या भाषेंत सांगावयाचें तर, काकाकुव्यास आतां सात-बारा आहे. पक्षी एकाकडून दुसऱ्याकडे गेला कीं कळवावयाचें. हा झाला फेरफार. पिलूं झालें, पक्षी मेला, तेंहि कळवावयाचें. शेतजमीन घेतांना आपण काय करतों? विकणाराचें नांव उताऱ्यावर आहे का तें पाहतों, त्याचेकडे ती कशी आली तें पाहतों, बोजा आहे का तें पाहतों, आणि मगच इसार देतों. पक्षी घेतांना तेंच करावें. विकणाराचें नोंदणीपत्र पाहावें. त्यांत लिहिलेली जात व पायांतील कडीचा नंबर समोरच्या पक्ष्याशीं जुळतो का, तें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहावें. पक्षी परदेशांतून आला असेल तर आयातीचा परवाना व साइटीसचें प्रमाणपत्र मागावें; इथेंच जन्मला असेल तर कोणत्या नोंदलेल्या जोडीपासून, तें लिहून घ्यावें. पावतीवर तारीख, जातीचें नांव, कडीचा नंबर व दोघांचे पत्ते असावेत. नोंदणीचें शुल्क एकंदर खर्चाच्या मानानें किरकोळ आहे. नोंदणी न केल्यास जो त्रास होतो तो किरकोळ नाहीं: पक्षी जप्त होतो, आणि कायद्यांत कैद व दंड दोन्ही आहेत.

शेजारच्या तालुक्यांतील एक द्राक्षबागाईतदार गेल्या सालीं आमच्याकडे सल्ल्यास आले होते. एका दलालानें त्यांस काकाकुव्याची जोडी, बाजारभावाच्या मानानें बऱ्याच स्वस्तांत, देऊं केली होती आणि पंचवीस हजार इसार घेऊन ठेवला होता. “भाऊसाहेब, कागद नंतर करून देतों म्हणाला,” असें त्यांनीं सांगितलें. आम्हीं म्हटलें, “जमिनीचा मालक असें म्हणाला असता तर आपण पैसे दिले असते का?” ते कांहीं बोलले नाहींत. नोंदणीपत्र दाखव, मग बाकीची रक्कम देतों, असें त्यांनीं दलालास कळवितांच दलालानें एक २०२० सालचें पत्र पाठविलें. त्यांत एकाच पक्ष्याचा उल्लेख होता आणि तोहि निराळ्या जातीच्या. त्यानंतर दलालाचा फोन लागेना. पंचवीस हजार गेले ते गेले. परंतु दोन लाखांवर रक्कम त्यांच्या खात्यांत राहिली, आणि घरीं वनखात्याचा पंचनामा झाला नाहीं.

कडीविषयीं दोन शब्द. जनावराच्या कानांत जसा बिल्ला, तशी पक्ष्याच्या पायांत कडी. सांधा नसलेली अखंड कडी पिलूं कांहीं आठवड्यांचें असतांनाच पायांत सरकवितां येते, मोठ्या पक्ष्याच्या पायांत ती जात नाहीं. म्हणून अखंड कडी ही पिंजऱ्यांत जन्म झाल्याची खूण मानतात. फट असलेली कडी मागाहून केव्हांहि घालतां येते. दुसरें असें कीं, अजून चमच्यानें किंवा नळीनें भरवावें लागणारें पिलूं स्वस्त मिळतें म्हणून घेऊं नये. अन्न श्वासनलिकेंत जाणें, तें फार गरम अगर थंड असणें, यानें अननुभवी माणसाच्या हातून अशीं पिलें सहज दगावतात.

पक्षी घरीं आला म्हणजे खर्चास आरंभ होतो. पहिली बाब पिंजऱ्याची. राघूचा पिंजरा येथें निरुपयोगी. पंख पुरते पसरले असतां कोठेंहि लागूं नयेत इतकी रुंदी हवी, आणि सळ्या चोंचीनें न वांकणाऱ्या जाड लोखंडाच्या हव्यात. जस्ताचा हलका मुलामा दिलेली जाळी किंवा शिसें असलेला रंग यांपासून पक्ष्यास विषबाधा होते. तो सारा दिवस सळ्या चोंचीनें घासत असतो. कडी-कोयंडा साधा चालत नाहीं. व्हिएन्ना येथील संशोधकांनीं २०१३ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, तनिंबारच्या एका काकाकुव्यानें खिळा, स्क्रू, अडसर अशा एकामागून एक पांच अडचणी, कोणीं न शिकवितां, दोन तासांच्या आंत उघडून आंतील खाऊ मिळविला. सिडनी शहराच्या उपनगरांतील काकाकुवे कचऱ्याच्या पेट्यांचीं झांकणें उघडण्यास एकमेकांचें पाहून शिकले, हें २०२१ सालीं सप्रमाण दाखविण्यांत आलें. तेव्हां कुलूप खरें हवें. शिवाय याची चोंच म्हणजे सुताराचें हत्यार. तिला नित्य नवें लांकूड चघळावयास द्यावें लागतें. न दिल्यास दाराची चौकट व विजेच्या तारा आहेतच. शेतकऱ्याच्या घरीं बाभळीच्या व शेवग्याच्या फांद्या फुकट मिळतात, एवढा आपला फायदा.

खाण्याची बाब अनेकांस सोपी वाटते. सूर्यफुलाचें बीं टाकलें कीं झालें! परंतु तेलबियांवरच ठेवलेल्या पक्ष्याचें यकृत चरबीनें बिघडतें व जीवनसत्त्व ‘अ’ कमी पडून डोळे, नाक व घसा यांचे विकार जडतात. पालेभाजी, गाजर, भोपळा, मोड आलेलीं कडधान्यें, कोंवळा मका, थोडें फळ आणि त्यासाठीं तयार केलेला गोळीखाद्याचा भाग असा मिश्र आहार लागतो. यांतील बराच भाग घरच्या शेतांतून येईल. पण येथें एक इशारा द्यावासा वाटतो. फवारणी केलेल्या बागेंतील द्राक्षें किंवा भाजी, मुदत संपण्यापूर्वीं, याच्यापुढें टाकूं नये. आणि औषध चोळलेलें बियाणें तर त्याच्या जवळपासहि नसावें. अव्होकाडो, चॉकलेट व कांदा हीं त्यास विष आहेत. स्वयंपाकघराशेजारीं पिंजरा असेल तर, न चिकटणाऱ्या लेपाचा तवा जास्त तापला असतां निघणाऱ्या धुरानें पक्षी कांहीं मिनिटांत मरतो, हें गृहिणींनीं लक्षांत ठेवावें.

दुखण्याचा खर्च अनिश्चित आहे, व तोच भारी. आपल्या तालुक्याचा जनावरांचा डॉक्टर गाईम्हशींत निष्णात असतो. पोपटवर्गाची तपासणी करणारा पशुवैद्य पुण्या-मुंबईसारख्या शहरींच शोधावा लागतो, म्हणजे तपासणीच्या फीपेक्षां मोटारीचें भाडें अधिक. काकाकुव्यांत चोंच व पिसें झडविणारा एक विषाणुजन्य रोग आहे. त्यावर औषध नाहीं, म्हणून घेण्यापूर्वींच रक्ताची अगर पिसाची परीक्षा करून घेणें शहाणपणाचें. दुसरा एक जंतु पक्ष्यापासून माणसास लागतो व त्यानें फुफ्फुसाचा ताप येतो. १९२९-३० सालीं पाळीव पोपटांपासून हा ताप युरोप-अमेरिकेंत पसरून माणसें दगावलीं होतीं. आज त्यावर औषधें आहेत, पण डॉक्टरास घरीं पक्षी आहे हें सांगितलें पाहिजे. याच्या अंगांतून पांढरी भुकटी सतत गळत असते. घरांत दम्याचा रोगी असल्यास हा पक्षी घेऊंच नये.

आतां आम्हीं मांडलेला एक अंदाजी हिशेब देतों. हे आंकडे बाजारभाव नव्हेत. प्रत्येकानें आपले आंकडे घालून बेरीज करावी. समजा, पक्षी दीड लाखाचा. पिंजरा ४० हजारांचा आणि तो दहा वर्षें टिकला. खाणें दरमहा ३ हजार, चघळावयाचें लांकूड व खेळणीं दरमहा १ हजार, वैद्याचा खर्च सालीना १० हजार. म्हणजे वर्षाचा चालू खर्च ५८ हजार झाला. पक्षी ४० वर्षें जगला असें धरलें तर चालू खर्च २३ लाख २० हजार, चार पिंजरे १ लाख ६० हजार, आणि खरेदी दीड लाख. एकूण २६ लाख ३० हजार. यांत महागाई धरलेली नाहीं, व्याजहि धरलेलें नाहीं. या बेरजेंत खरेदीची रक्कम, आपल्या जुन्या भाषेंत, रुपयास एक आणाहि पडत नाहीं. भावाची घासाघीस आपण करतों ती त्या एका आण्यापुरती.

वेळेचा हिशेब याहून भारी आहे. हा थव्याचा पक्षी आहे. रानांत तो क्षणभर एकटा राहत नाहीं. घरीं त्याचा थवा म्हणजे आपण. दिवसाकाठीं दोन तास तरी त्याच्याशीं बोलणें, त्यास बाहेर काढणें, घाण काढणें यांत जातात. ४० वर्षांत हे २९,२०० तास होतात. आठ तासांचा दिवस धरल्यास ३,६५० दिवस, म्हणजे एका माणसाचीं पुरीं दहा वर्षें. गड्याच्या अंगावर टाकून हें काम भागत नाहीं, कारण गडी बदलतो आणि पक्षी माणूस ओळखतो. संगत न मिळाल्यास तो ओरडतो, आणि त्याचें ओरडणें वस्तीवरून पलीकडच्या वस्तीवर ऐकूं जातें. त्याच्याहि पुढें गेलें म्हणजे तो स्वतःचीं पिसें उपटूं लागतो. छाती उघडी पडलेला, कातडें दिसणारा असा काकाकुवा ज्यानें एकदां पाहिला तो त्याच्या भावाची चौकशी पुन्हां करणार नाहीं.

आयुष्य ४० वर्षें धरलें तें कांहीं फार नाहीं. मोठ्या जाती, निगा चांगली असल्यास, ४० ते ६० वर्षें जगतात. शिकागोजवळच्या ब्रुकफील्ड प्राणिसंग्रहालयांत ‘कुकी’ नांवाचा एक काकाकुवा होता. तो १९३३ सालीं सिडनी येथें जन्मला, १९३४ सालीं अमेरिकेस गेला, आणि २०१६ च्या ऑगस्टमध्यें ८३ वर्षांचा होऊन मेला. याचा अर्थ, पन्नाशींतल्या खातेदारानें आज पक्षी घेतला तर तो बहुधा मुलाच्या, कदाचित् नातवाच्या पदरीं पडणार. पुष्कळ मालक म्हातारपणीं हा पक्षी कोणास द्यावा या विवंचनेंत पडतात, आणि परदेशांत अशा टाकलेल्या पोपटांसाठीं आश्रयस्थानें चालवावीं लागतात. म्हणून घेण्यापूर्वीं घरांतील तरुणांस विचारावें. त्यांनीं मनापासून होकार दिला नाहीं तर तेथेंच थांबावें. होकार दिला तर पुढें केव्हांतरी मृत्युपत्र कराल त्यांत विहीर-मोटारीच्या वाटणीबरोबर पक्षी कोणाकडे जाणार हेंहि लिहावें, आणि तो हस्तांतर झाला कीं नोंद बदलून घ्यावी. वारसाची नोंद न झाल्यानें जमिनीचे किती तंटे होतात तें आम्हीं दप्तरांत पाहिलें आहे; जिवंत पक्ष्याची नोंद राहिली तर तो जप्त होण्याचें भय निराळेंच.

कांहीं मंडळींच्या मनांत हौसेपेक्षां जोडधंदा आहे. एक जोडी घ्यावी, वर्षास दोन पिलें विकावीं, तीन वर्षांत भांडवल वसूल, असा हिशेब त्यांस कोणी तरी करून दिलेला असतो. त्यांतील उणीव अशी. मोठ्या जातींचे पक्षी वयांत येण्यास कित्येक वर्षें लागतात. पांढऱ्या जातींत नर-मादी वरून सारखींच दिसतात. मोठेपणीं डोळ्याच्या बुबुळाभोंवतालचा रंग नरांत काळसर व मादींत तांबूस असतो, पण तरुणपणीं तेंहि कळत नाहीं, म्हणून पिसाची किंवा रक्ताची परीक्षा करावी लागते. दोन नर ‘जोडी’ म्हणून गळ्यांत मारले गेल्याचे प्रकार होतात. आणि नर व मादी मिळालीं तरी, पिंजऱ्यांत काकाकुव्याचा नर पुष्कळदां मादीवर तुटून पडून तिला जखमी करतो किंवा ठारहि मारतो. हा या वर्गाचा कुप्रसिद्ध दोष आहे. कोंबड्यांच्या खुराड्याचा अनुभव येथें उपयोगी पडत नाहीं. शिवाय पहिल्या परिशिष्टांतील जातींची पैदास करणारास निराळा परवाना काढावा लागतो. बँकेचें कर्ज काढून हा धंदा करूं पाहणारास आम्ही तरी सांगूं कीं, त्याच रकमेंत दोन चांगल्या म्हशी येतात आणि त्या दुसऱ्या दिवशीं दूध देतात.

घरांतील लहान मुलांच्या आग्रहासाठींच पक्षी हवा असेल तर याच कुळांतील सर्वांत लहान जात, जिला कॉकाटील म्हणतात, ती पाहावी. तीहि ऑस्ट्रेलियाचीच, तिलाहि तुरा आहे, गालावर नारिंगी टिकला असतो, शीळ छान घालते. ती जगभर पिंजऱ्यांत इतकी वाढविली जाते कीं साइटीसच्या याद्यांत तिचें नांव नाहीं, आणि म्हणून वर सांगितलेली नोंदणी तिला लागत नाहीं. काकाकुव्याच्या भावापुढें तिची किंमत नांव घेण्यासारखी नसते. ती पंधरा-वीस वर्षें जगते, थोडक्यांत भागते, आणि तिचा आवाज शेजाऱ्यास सोसतो. भुकटी मात्र तिच्याहि अंगाची गळते. तिच्यासाठीं सळ्यांमधील अंतर अर्ध्या इंचाच्या आसपास असावें, नाहीं तर डोकें अडकतें. शक्यतो दोन घ्याव्यात, म्हणजे घरचीं माणसें शेतांत असतांना त्या एकमेकींस सोबत होतात. मात्र पावतीवर जातीचें नांव स्पष्ट लिहून घ्यावें. ‘लहान काकाकुवा’ असें मोघम नांव देऊन हाच पक्षी चढ्या भावानें विकणारे आहेत.